चिमूटभर अशुद्ध

माझी लाँड्री आहे, त्यामुळे मी माणसं कपड्यांवरून ओळखते. यात मोठेपणा काही नाही. केस कापणाऱ्याचं लक्ष डोक्याकडे जातं, माझं कॉलरकडे. तेल शुद्धीकरण कारखान्याची जी प्रयोगशाळा आहे तिथले सगळे पांढरे कोट माझ्याकडे येतात, आणि गठ्ठा सोडला की खिशावरची चिठ्ठी न वाचता मी सांगते कुठला कोट कुणाचा. यंत्रं सोडवणाऱ्यांच्या बाह्या काळ्या, साहेबांच्या खिशाला शाई, आणि गप्पिष्टांच्या पोटावर चहा. सगळ्यांत स्वच्छ कोट माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. इतका स्वच्छ, की तो धुण्याचे पैसे घ्यायची लाज वाटते. घेते, ते सोडा.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्या वरच्या मजल्यावर, मी खाली. लग्न होऊन आले तेव्हा या बाईचं आणि आपलं जमणं कठीण, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. लोक दूध गाळतात, या पाणी गाळायच्या. मग गाळणी धुवायच्या, मग पुसायच्या, आणि मग ज्या फडक्यानं पुसली त्या फडक्याकडे संशयानं बघत बसायच्या. त्यांच्याकडून कुठल्याही गोष्टीवर मत काढणं म्हणजे दगडातून तेल काढणं. एकदा मी हौसेनं भाजी करून वर नेली आणि विचारलं, ‘‘ताई, कशी झालीय?’’

‘‘पुन्हा एकदा कर, मग सांगते.’’

मी जिद्दीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘काल आणि आज मीठ सारखंच होतं का?’’

त्या दिवशी मी खाली येऊन भांडी आपटली. आमचे हे म्हणाले, ‘‘वहिनी सगळ्यांशीच तशा आहेत. मी लग्नाआधी तुझा फोटो दाखवला होता, तर म्हणाल्या, एका फोटोवरून काय कळणार, चालवून बघू.’’ हे ऐकल्यावर मला राग यायला हवा होता, पण मी हसून हसून लोळले. तेव्हापासून आमचं जमलं. ‘चालवून बघू’ हा त्यांचा शब्द घरात सगळ्यांच्या तोंडी बसला. नवी शेगडी, नवा डॉक्टर, नवा जावई, सगळ्यांना आमच्याकडे चालवूनच बघतात.

त्यांचं काम काय, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. शेवटी एकदा माझ्याच दुकानातल्या टेबलावर, माझाच दोरा तोडून त्यांनी समजावलं. पेट्रोल म्हणजे कार्बनच्या साखळ्या. काही साखळ्या सरळ, काहींना फाटे फुटलेले. सरळ साखळी इंजिनात नको तेव्हा भडकते आणि इंजिन ठकठक करतं. फाटे असलेली शहाण्यासारखी जळते. सुतासारखं सरळ असणं माणसाला शोभतं, पेट्रोलला नाही. म्हणून सरळ साखळीला फाटा फोडायचा, आणि त्यासाठी आम्ल लागतं. पातळ आम्ल नळ्या खातं, माणसांचे हात खातं. त्यावर उपाय म्हणजे घन आम्ल. हातात घेतलं तर माझ्या साबणाच्या चुऱ्यासारखी पांढरी पूड, पण आत आम्ल. पुस्तकात तिला उत्प्रेरक म्हणतात, तिथले लोक कॅटॅलिस्ट म्हणतात, मी पूडच म्हणते.

‘‘आणि ती संपत नाही म्हणे?’’ मी विचारलं होतं. शाळेतलं तेवढं आठवत होतं.

‘‘ते पुस्तकात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खरी पूड झोपलेली येते. तिला कोरड्या हवेत तापवून जागं करावं लागतं, म्हणजे तिच्या अंगावरचं पाणी जातं आणि आम्लाच्या जागा मोकळ्या होतात. कमी तापवली तर झोपलेलीच राहते. जास्त तापवली तर तिचं आम्लच उडून जातं, ते परत येत नाही. नीट जागी झाली, तरी वायू सोडल्यावर लगेच कामाला लागत नाही. हळूहळू चढते. मग अंगावर काजळी बसत जाते आणि उतरते. ती काजळी हवेत सावकाश जाळली, की पुन्हा पांढरी, पुन्हा कामाला. असं करत करत एक दिवस ती उठत नाही.’’

‘‘मग तुम्ही काय करता?’’

‘‘दमलेली कुठली आणि मेलेली कुठली, ते सांगते.’’

एवढंच त्यांचं काम. पूड दुसरे बनवायचे, या चाचणी घ्यायच्या. एक लांब नळी, तिच्यात चमचाभर पूड, भोवती भट्टी, एका बाजूनं ब्यूटेन वायू, म्हणजे आखूड सरळ साखळी, आत, दुसऱ्या बाजूला काय बाहेर पडलं ते मोजणारं यंत्र, आणि पडद्यावर एक रेघ, जितके फाटे फुटतील तितकी चढणारी. ही सगळी मांडणी म्हणजे सेटअप. रेघ चढायला लागली की बनवणारे टाळ्या वाजवायचे, आणि जाऊबाई म्हणायच्या, ‘‘चढतीला भुलू नका, उतरू द्या, मग बोलू.’’ त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी मेली म्हटलेली पूड दुसऱ्या कुणी पुन्हा चालवली नाही, कारण कधी गरजच पडली नव्हती.

पूड बनवणाऱ्यांत एक होते त्यांना सगळे पीठवाले म्हणायचे. कोट बघितला तर का म्हणायचे ते कळलं असतं. मान, बाह्या, खिसे, सगळीकडे पांढरा थर, चक्कीतून उठून आल्यासारखा. माझं त्यांच्याशी भांडण होतं, कारण ती पूड ओली झाली की कापड खायची, आणि खिशाला पडलेली भोकं माझ्या नावावर जायची. पण माणूस गोड. दर वेळी दारात येऊन म्हणायचे, ‘‘बाई, भोक तुमचं नाही, माझं आहे,’’ आणि मग तासभर पुडीबद्दल बोलायचे. कुणी बायकोच्या तब्येतीबद्दल बोलतं तसं. काल जरा सुस्त होती, आज बरी आहे.

त्यांचा अभिमान एकाच गोष्टीचा. बाकीचे लोक पुडीत प्लॅटिनम घालायचे, म्हणजे ती जास्त टिकते. पीठवाल्यांच्या पुडीत मौल्यवान काही नव्हतं. साधी पांढरी धातूची माती, तिला आम्लाचा हात, आणि भाजण्याचं कसब. जाऊबाईंच्या जुन्या सेटअपवर ती फार छान चालली होती. वरून हुकूम आला, मोठी खेप बनवा, चालली तर कारखान्यातल्या मोठ्या नळीत घालू. पीठवाल्यांनी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते दारात येऊन उभं राहिलं.

त्याच सुमाराला जाऊबाईंनी नवा सेटअप उभा केला. जुना म्हणजे ठिगळांचा कारभार होता. नवा बघायला मला मुद्दाम नेलं. चकचकीत नळ्या, एक सांधा गळेल तर शपथ. आणि त्यांची सर्वांत आवडती वस्तू म्हणजे वायूच्या वाटेवरची एक जाड नळी, आत बारीक खडे भरलेले. त्या तिला गाळणी म्हणायच्या. मी म्हटलं, वाटलंच मला! या गाळणीत ब्यूटेनमधलं पाणी अडायचं, हवा अडायची, आणि ब्यूटीनही अडायचं. ब्यूटीन म्हणजे ब्यूटेनची चंचल बहीण. दिसेल त्याला जाऊन चिकटणारी. सिलिंडरमधल्या वायूत ती नेहमी कणभर असतेच. जाऊबाईंना तो कणही नको होता. परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका स्वच्छ हवी, असं त्यांचं म्हणणं. खडे किती काळ पुरतात तेही त्यांनी ठरवलं होतं, आणि नियमच केला होता, की गाळणी संपल्यानंतरची मोजणी धरायची नाही. हा सेटअप सगळ्यांना इतका आवडला, की सगळ्या शाखांत असाच बसवायचा आणि त्या कामावर जाऊबाईंना प्रमुख करायचं, अशी बोलणी सुरू झाली.

पीठवाल्यांची मोठी खेप नव्या सेटअपवर चढली, आणि रेघ जमिनीवरून उठेना. पालथ्या घड्यावर पाणी. जाऊबाईंनी कमी तापवून बघितलं, जास्त तापवून बघितलं, वेगवेगळ्या डब्यांतली पूड घेतली. काही नाही. त्याच सेटअपवर प्लॅटिनमवाल्या पुडी मात्र झकास चालत होत्या, म्हणजे सेटअपमध्ये खोट नाही. पीठवाले बैठकीत म्हणाले, ‘‘बाई, एकदा जुन्या सेटअपवर बघता येईल का?’’ तो तर सुटे भाग काढून केव्हाच मोडला होता. तेवढ्यात कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘नाचता येईना, अंगण वाकडं.’’ सगळे हसले. जाऊबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी आपलं मत दिलं. पूड मेलेली आहे.

छोट्या खेपा चांगल्या आणि मोठी मेलेली, याचा अर्थ सरळ होता. बनवणाऱ्याचा हात गेला. असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण सगळ्यांनी मानलं, आणि पीठवाल्यांनीही. त्यांनी स्वतःच सामानाच्या गोदामात बदली मागून घेतली. मला कळलं ते कोट यायचा बंद झाल्यावर. गोदामात कोट लागत नाही. मी वर जाऊन विचारलं तर जाऊबाई म्हणाल्या, ‘‘पूड नीट झाली नव्हती गं. हाताचं काम असतं. कधीकधी होतं.’’ त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांनी जे बघितलं ते सांगितलं.

यानंतर वर्ष उलटलं असेल. जुने नमुने टाकून देऊन जागा रिकामी करायचं ठरलं. आता जाऊबाईंची एक खोड सांगायला हवी. कुठलीही पूड फेकण्याआधी त्या तिला एकदा शेवटची चालवायच्या. त्याला निरोपाची फेरी म्हणायच्या. का, विचारलं तर म्हणायच्या, ‘‘ज्याला आपण मेलं म्हणालो, त्याच्याकडे एकदा वळून बघावं.’’ पण या फेऱ्यांसाठी नवी गाळणी मात्र घालायच्या नाहीत. निकाल लागलेल्या पुडीवर नवे खडे का वाया घालवायचे? अर्धीमुर्धी वापरलेली गाळणीच चालवायच्या. एवढीच काय ती त्यांची कंजुषी.

मी दुपारी धुतलेले कोट द्यायला गेले होते. नळीत पीठवाल्यांची पूड होती, पडद्यावर रेघ जमिनीला चिकटून, आणि जाऊबाई चहा ओतत होत्या. मी बसले. माझ्या भावजयीचं एक प्रकरण सांगत होते, तेही रंगात आलं होतं. मध्येच माझं लक्ष गेलं.

‘‘ताई, ती रेघ वर चाललीय.’’

त्यांनी वळून बघितलं. ‘‘गाळणी संपली. आता पुढचं काही धरायचं नसतं.’’ असं म्हणत त्या उठल्या, वायूच्या चावीवर हात ठेवला, आणि तिथेच थांबल्या.

रेघ चढत होती. धडपडत नाही, सावकाश, झोपेतून जागं झालेलं माणूस उठतं तशी. जाऊबाई चावीवरचा हात न काढता उभ्या राहिल्या. त्यांचा चहा गार झाला, माझ्या भावजयीचं प्रकरण अर्धवट राहिलं. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, ‘‘मेलेलं उठत नाही.’’ त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा बघितला. आनंद नव्हता त्यात. घराचं दार उघडं राहिलंय हे गावाला पोचल्यावर आठवावं, तसा चेहरा होता.

तुम्हाला वाटेल, आता मी लाँड्रीतलं काहीतरी बोलले आणि त्यांना उलगडा झाला. तसलं काही झालं नाही. मी म्हटलं, ‘‘यंत्र बिघडलं असेल,’’ आणि कोटांचा गठ्ठा ठेवून निघून आले. उलगडा त्यांनी एकटीनं केला, पुढच्या काही दिवसांत. नवी गाळणी लावली, पूड झोपली. गाळणी काढली, उठली. पाणी असेल म्हणून फक्त पाणी अडवलं, तरी उठली. हवा अडवली, तरी उठली. फक्त ब्यूटीन अडवलं, झोपली. मग त्यांनी मुद्दाम जरा जास्त ब्यूटीन सोडलं. रेघ उसळी मारून वर गेली आणि तशीच धाडकन खाली आली. नळी उघडली तर पूड काळी ठिक्कर. ती काजळी त्यांनी हवेत हळूहळू जाळली, पूड पुन्हा पांढरी झाली, आणि चिमूटभर ब्यूटीनवर पुन्हा उठली.

त्या आठवड्यात त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या आणि न विचारता बोलायला लागल्या. ‘‘ब्यूटेन स्वतःहून आम्लाच्या हाती लागत नाही. ब्यूटीन लगेच लागतं. त्याचा एक कण आधी जाऊन बसतो, मग त्याच्यामागून ब्यूटेनची साखळी सुरू होते. जुन्या सेटअपला गाळणी नव्हती. नव्यात तो कण मी गाळून टाकला. आणि कण जास्त झाले, तर तेच एकमेकांना चिकटून काजळी होते. जे जागवतं तेच मारतं. किती, एवढाच प्रश्न.’’

‘‘मग प्लॅटिनमवाल्या कशा चालल्या?’’

‘‘प्लॅटिनम आपल्यापुरतं ब्यूटीन ब्यूटेनपासूनच बनवून घेतं. त्यांना बाहेरचं लागत नाही. माझा सेटअप सगळ्यांसाठी बरोबर होता. फक्त त्यांच्यासाठी चूक.’’ घोडं पेंड खात होतं ते इथं. कारखान्यातल्या खऱ्या वायूत तो कण नेहमीच असतो. तिथं ती पूड चाललीच असती.

‘‘अति तेथे माती,’’ मी म्हटलं. माझ्या तोंडाला लगाम नाही. त्या ओशाळून हसल्या, आणि मग त्यांचे डोळे भरले.

त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब माणूस वाईट नाही, उलट सर्वांचं भलं व्हावं असं वाटणारा. म्हणाले, ‘‘बाई, उत्तम झालं! चिमूटभर मिसळा, पुन्हा चालवा, चांगला आकडा द्या. खेप पुन्हा तपासली असं म्हणू. गेल्या वर्षीच्या शिळ्या कढीला ऊत कशाला? सोमवारच्या बैठकीत तुमची नेमणूक जाहीर व्हायचीय. तुमच्याच सेटअपबद्दल तुम्हीच शंका काढलीत, तर मी कुठल्या तोंडानं नाव पुढे करू?’’

घरी हे ऐकल्यावर मी आणि मोठे भाऊजी, दोघांनी साहेबांची बाजू घेतली. मी तर तावातावानं बोलले. पीठवाल्यांना काम परत मिळतंय, तुम्हाला पद मिळतंय, सापही मरतोय आणि काठीही मोडत नाही. यात कुणाचं काय बिघडलं?

जाऊबाई ताटातल्या घासाशी चाळा करत म्हणाल्या, ‘‘त्यांना काय वाटेल सांग. गेल्या वेळी हात चुकला होता, या वेळी नशिबानं साथ दिली. दर खेपेला ते घाबरत भट्टीशी उभे राहतील. पूड परत मिळेल गं. हात नाही मिळणार.’’

मी साहेबांची बाजू तिथंच सोडली. मला माघार घ्यायला लावणं सोपं नाही, हे आमच्या यांना विचारा.

सोमवारी त्या बैठकीत उभ्या राहिल्या. मी तिथं नव्हते, पण कोटांबरोबर सगळ्या बातम्या माझ्याकडे येतात, आणि या वेळी सगळ्यांची बातमी एकच होती. त्या म्हणाल्या, ‘‘गेल्या वर्षी मी एका पुडीला मेलेली म्हटलं. ती जिवंत होती. तिला लागणारी गोष्ट मीच अडवून ठेवली होती. बनवणाऱ्याचा हात चुकला नव्हता. अंगण वाकडंच होतं, आणि ते मी बांधलं होतं.’’ मग कुठल्या कुठल्या चाचण्यांवर आता शंका घ्यावी लागेल, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. प्लॅटिनम नसलेल्या सगळ्या पुडी. प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. साहेबांचा कोट त्या आठवड्यात आला तो बाह्या चुरगाळलेला, हात दाबून बसल्यासारखा. मला त्यांची दया आली. पण जाऊबाईंचा मला अभिमान वाटला. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगणार नाही.

त्या सोमवारी संध्याकाळीच जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, ‘‘चल माझ्याबरोबर. काही बोलू नकोस, फक्त चल.’’ गोदाम त्या दिवशी बंद होतं, पीठवाल्यांना काहीच कळलं नव्हतं. आम्ही त्यांच्या घरी गेलो. अरुंद जिना, वर दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे. आतल्या खोलीत त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. पीठवाले दार उघडून जरा बावरले, मग म्हणाले, ‘‘या, बाई.’’ अंगात साधा शर्ट होता. बिनपिठाचा तो माणूस मला ओळखू येईना.

जाऊबाईंनी खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं सांगितलं. गाळणी, ब्यूटीन, रेघ, बैठक. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही, माफीचे मोठे शब्दही वापरले नाहीत. ‘‘चूक माझी होती. तुमची पूड चांगली होती,’’ इतकंच म्हणाल्या.

मला वाटलं, माणूस आनंदानं उडी मारेल. ते उठून खिडकीशी गेले, पाठ करून उभे राहिले. तेवढ्यात त्यांची बायको वडिलांच्या औषधाची बाटली आणि चमचा घेऊन बाहेर आली, आमच्याकडे बघून थबकली. सवयीनं त्यांनी मान न वळवता म्हटलं, ‘‘तूच दे.’’

मग ती बायको हळू आवाजात जाऊबाईंना म्हणाली, ‘‘वर्ष झालं. घरात काही मोजायचं असलं की हात लावत नाहीत. बाबांचं औषधसुद्धा नाही. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही.’’

‘‘कशाला सांगतेस?’’ पीठवाले वळून ओरडले. आणि मग जाऊबाईंवर, ‘‘आणि तुम्ही! तुम्ही म्हणालात म्हणून मी मानलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडलो असतो. तुम्ही म्हणालात, बाई. वर्षभर मी रोज मनातल्या मनात ती खेप पुन्हा भाजली. कुठं चुकलो, कुठं चुकलो. आणि चुकलोच नव्हतो?’’

‘‘नव्हता चुकला.’’

‘‘हे आधी नाही दिसलं तुम्हाला?’’

‘‘नाही दिसलं.’’

मला वाटत होतं जाऊबाईंनी काहीतरी आणखी बोलावं, स्वतःची बाजू सांगावी, निदान गेलेलं पद सांगावं. मी तोंड उघडलंही, पण त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आतून वडिलांचा खोकला आला. पीठवाले परत येऊन खुर्चीवर बसले, कपाळ चोळलं, आणि कुणी घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारलं, ‘‘उठली, तेव्हा कशी चढली?’’

‘‘सावकाश. सरळ. मध्ये कुठं अडली नाही.’’

‘‘आणि टिकली?’’

‘‘काजळी बसेपर्यंत. जाळली की परत उठत होती. पण नमुना फार थोडा उरला होता, आणि मी त्याच्यावरच सगळं तपासलं. परवा शेवटचं जाळलं, त्यानंतर उठली नाही. ती आता खरंच संपली.’’ त्या थांबल्या. ‘‘मोठ्या नळीसाठी नवी खेप लागेल.’’

‘‘कोण करणार?’’

‘‘दुसऱ्या कुणाला येत नाही.’’

पीठवाल्यांनी आपले हात गुडघ्यांवर उलटे ठेवले आणि तळव्यांकडे बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, ‘‘बाई, जमेल मला?’’

आता या काय म्हणणार हे मला पाठ होतं. इतकी वर्षं एका छताखाली काढली होती. चालवून बघू. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, की आज नको, आज एवढं नको.

‘‘जमेल,’’ जाऊबाई म्हणाल्या.

न तपासता त्यांनी काही सांगितल्याचं मी ऐकलं ते तेवढंच. पीठवाल्यांनी वर बघितलं. मग उठले, बायकोच्या हातातून बाटली आणि चमचा घेतला, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून औषध ओतायला लागले. थोडं जमिनीवर सांडलं. कुणीही पुढे झालं नाही. त्यांनी बाटली सरळ केली, श्वास घेतला, आणि पुन्हा ओतलं.